खांडीतली जागा

मंगळवारी अकरा वाजता शाळेत तार आली. मी सातवीचा तास घेत होते. तारेत तुझं नाव होतं, एका डोंगराचं नाव होतं आणि तू गेल्याचं लिहिलं होतं. मी तास पूर्ण केला, हजेरीपुस्तक कपाटात ठेवलं आणि घरी आले.

वसू, त्याला आता महिना होत आला. गावानं शोकसभा घेतली, आमच्या शाळेच्या पटांगणावरच. अध्यक्षांनी तुझी ती गोष्ट सांगितली. चार वर्षांपूर्वीच्या पुरात तू ह्याच पटांगणावर हेलिकॉप्टर उतरवलंस आणि खाडीतून काढलेल्या माणसानं सगळ्यांसमोर तुझे पाय धरले, ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ही शोकसभा आहे हे आठवून एकेक जण थांबला. नंतर मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका. शाळेच्या अंकासाठी वसंतरावांवर चार पानं तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं. लिहायला बसले तर पानं तुलाच लिहिली जात आहेत. त्यांना छापावीशी वाटली तर छापोत.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी पदकं हे सगळं फळ्यावर लिहून झालं आहे. मला त्या पायांबद्दल लिहायचं आहे.

गेल्या दिवाळीत तू साळवींना घेऊन आलास. तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून उडणारा हा रत्नागिरीचा माणूस पहिल्याच दिवशी मला आक्का म्हणू लागला. दुपारी जेवणं झाली आणि तुम्ही दोघं ओसरीवर पानं खात बसलात. मी आत भांडी आवरत ऐकत होते. दोन वैमानिक एकत्र आले की एकमेकांची मरणं चेष्टेवारी नेतात, हे मला त्या दुपारी कळलं.

"आक्का, ह्याला विचारा, नदीतल्या त्या झाडावरून कुणाला काढलं," साळवी म्हणाले. "एका फांदीवर माणूस, त्याच फांदीवर साप. दोन दिवस दोघं शेजाऱ्यासारखे बसून होते. आम्ही माणसाला वर घेतलं तर तो खाली हात हलवतोय. सापाचा निरोप घेत होता!"

"आणि तू काय करत होतास ते सांग ना," तू म्हणालास. "आक्का, हा डोळे मिटून रामरक्षा म्हणत होता. उड्डाणाच्या कागदात मी लिहिलं, सहवैमानिकानं मार्गदर्शनासाठी वरिष्ठांशी संपर्क साधला."

मग तू कड्यावरची गोष्ट सांगितलीस. एक चाक दगडावर, बाकीची हवेत, पंख्याच्या टोकापासून कातळापर्यंत हातभर जागा. अशा वेळी दांडा घट्ट धरायचा नसतो, म्हणालास. झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना हात जसे हलके करतो तसे करायचे. सहा मिनिटं. घाम डोळ्यांत गेला तरी पुसायचा नाही.  मी कपबशा घेऊन दारात उभी होते. त्या क्षणी तुझा मला किती अभिमान वाटला हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असं कुणी बोलत नाही.

मग तू आपल्या इथल्या, पनवेलच्या पुराची गोष्ट काढलीस.

ती तू सांगायचासही फार छान. तीन दिवस पाऊस, त्यात अमावास्येचं उधाण. ढग इतके खाली की तू खाडीच्या पाण्याला धरून आलास, तारायंत्राच्या तारा चुकवत. पंख्याच्या वाऱ्यानं खारं पाणी उडून काचेवर मीठ साचत होतं. गव्हाणच्या पलीकडे तुला ते दिसले. दहा-अकरा माणसं छातीभर पाण्यात, एका रांगेत, हातांत हात अडकवून. पाणी त्यांच्यावरून जात होतं. बुडू नये म्हणून एकमेकांना धरून राहिलेत, असं तू समजलास. मधल्या माणसाच्या गळ्यापर्यंत पाणी आलेलं, म्हणून त्याला आधी उचलायचं ठरवलंस. दोरावरून तुमचा माणूस उतरला, त्यानं त्याच्या काखेतून पट्टा घातला.

"आणि बेटा लाथा मारायला लागला!" तू उठून उभा राहिलास आणि नक्कल करायला लागलास. "नवरी सासरी निघाल्यासारखा! 'सोर मना! सोर मना!' वर घेतला तर आमच्या माणसाच्या दंडाला चावला. आणि पटांगणावर उतरल्यावर? माझे पाय काही सोडेना. इंजिनामुळे माझे कान बंद झालेले. आक्का तिथंच होती, खिचडी वाढत होती. आक्का, सांग ना साळवीला, काय म्हणत होता तो?"

तू मला हे त्या दिवशी पटांगणावरही विचारलं होतंस, ह्याच शब्दांत. तेव्हा मी जे उत्तर दिलं तेच पुन्हा दिलं.

"आभार मानत होता," मी म्हणाले.

त्या वेळी मागच्या दाराशी गिरणीतला हमाल आपलं तांदळाचं पोतं घेऊन आला होता. तीन वर्षं तोच आणत असे. त्यानं पोतं खांद्यावरून उतरवलं, भिंतीला टेकवलं आणि मला अंगणात ये अशी हातानं खूण केली. मी गेले.

"बाई," तो म्हणाला, "मी आबार नवतो मानत."

तू खाडीतून उचललेला माणूस तो हाच, जोमा, वसू. तीन वर्षं तो माझ्या दाराशी येत होता आणि मला ओळखत होता. मी त्याला ओळखलं नव्हतं.

त्यानं मला तिथंच, तुळशीजवळ उभं राहून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. आतून तुमचं हसणं ऐकू येत होतं. खाडीकाठच्या गावांची भातशेतं मातीच्या बांधानं समुद्रापासून राखलेली असतात, हे आपल्याला माहीत होतं. लहानपणी आपण त्या बांधावरून चाललो आहोत. पण त्या बांधाला उधाणात भगदाड पडतं त्याला तिकडे खांड म्हणतात, हे मला माहीत नव्हतं.

"खांड परली का गाव उबा ऱ्हातो," जोमा म्हणाला. "हातान हात घालून. मागनं बाया नि म्हातारी पेंढा, चिखल टाकतात. मानसांची भिंत. मधी उबा ऱ्हातो त्याचेवर सगला भार. तो हलला का सगला गेला. ती जागा माझी व्हती."

ते अडकलेले नव्हते. ते काम करत होते.

तू जोमाला उचललंस आणि रांग तुटली. त्याच्या डाव्या हाताला त्याचा धाकटा भाऊ होता. तो पाण्याबरोबर आत ओढला गेला. समुद्र शेतांत शिरला, गावचं सगळं भात गेलं आणि जमीन खारी झाली. आणि एवढ्यावर ते संपलं नाही. पंख्याच्या वाऱ्यानं इतकं पाणी उडत होतं की कुणाला काही नीट दिसलं नाही. दिसलं ते इतकंच, की जोमाचे पाय पाण्यातून वर गेले. गाव म्हणालं, जीव वाचवायला जोमानं पट्टा धरला. भावाचा हात सोडला आणि विमानात बसून पळाला. त्याच्या आईनं त्याला दारात उभं केलं नाही. तेव्हापासून तो गिरणीत पोती वाहतो आणि गिरणीतच झोपतो.

"तुमचे भावाला सांगा," जोमा म्हणाला. "एकदा गावान येव दे त्याला. येवराच बोल म्हनावं, का जोमानं पट्टा धरला नाय, आमी घातला. दुसरा काय नको."

मी "सांगते" म्हटलं. तो पोतं आत ठेवून गेला.

संध्याकाळी साळवी स्टँडवर सिगारेटी आणायला गेले तेव्हा मी विषय काढायचा प्रयत्न केला. जोमाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "वसू, ज्यांना उचलता त्यांना कधी विचारता का रे, यायचंय का म्हणून?"

तू हसलास. "आक्का, वरून माणूस पावट्याएवढा दिसतो. त्याच्या मनात काय आहे ते बघत बसलं तर आम्हीच खाली येऊ."

"पण समजा त्याला यायचंच नसेल?"

"बुडणाऱ्याला? तू आयुष्यभर पुस्तकं वाचलीस. त्यातल्या एका तरी पुस्तकानं कुणाला पाण्यातून बाहेर काढलंय का, सांग."

 साळवी सिगारेटी घेऊन परत आले, तू त्यांना म्हणालास, "आमची आक्का रागावलीय, आता दोन दिवस आपल्याला आळणी भाजी." ते भांडण तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. जाताना तू वाकून नमस्कार केलास आणि मी तुझ्या डोक्यावर नीट हातही ठेवला नाही.

जोमा दर पंधरवड्याला तांदूळ घेऊन यायचा. विचारायचा नाही. पोतं टेकवून नुसता माझ्याकडे बघायचा. चार महिने मी त्याला "लिहिते" म्हणत राहिले. फाल्गुनात एकदा तो आला आणि म्हणाला, "रागाव नुको बाई, लिवायचा नसंल तं सांग, मंग मी दुसऱ्या कुना हमालाला पाठवीन." त्या दुपारी मी तुला पत्र लिहिलं.

पत्र मी तीनदा लिहिलं. मी सावकाश लिहिते हे तुला माहीत आहे, आणि सावकाश लिहिणाऱ्याला आपला राग नीट लावून घेता येतो. जोमानं सांगितलेलं सगळं लिहिलं. तुझी नक्कल लिहिली, लाथांची, 'सोर मना'ची, आणि ती करत असताना तो दारात उभा होता हेही. भाऊ कसा गेला ते लिहिलं. पांघरूण न घालता लिहिलं, कारण मला तुला दुखवायचं होतं. पुस्तकांवरून बोललास ते मी विसरले नव्हते. शेवटी लिहिलं, 'यापुढे उचलण्याआधी विचारत जा.'

एक गोष्ट लिहिली नाही. ती आज लिहिते.

त्या दिवशी पटांगणावर जोमानं तुझे पाय धरले तेव्हा मी दोन हातांवर उभी होते. तुझे कान बंद होते, माझे नव्हते. तो म्हणत होता, "मना परत न्या. तिकरं न्या. मी खांडीत हाय, माझी जागा हाय ती." खांडीत हा शब्द मी खंडी असा ऐकला. मला वाटलं, खंडी-दोन खंडी भात वाहून गेलं म्हणून रडतोय. ही माझी चूक, आणि पंधरा वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईची ही चूक आहे. पण "मना परत न्या" हे मला स्वच्छ ऐकू आलं होतं, वसू. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. मामलेदार हार घेऊन पुढे येत होते. माझ्या वर्गातल्या मुली रांगेत उभ्या होत्या. तू घामानं आणि मिठानं पांढरा झाला होतास, आणि इतका आनंदात मी तुला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तू विचारलंस, "आक्का, काय म्हणतोय हा?" आणि मी म्हणाले, "आभार मानतोय."

तिथून ती जागा हेलिकॉप्टरला दहा मिनिटांवर होती. जोमानं तुळशीजवळ मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी पत्रात मुद्दाम गाळली. त्याचा भाऊ लगेच बुडाला नव्हता. आत ओढला गेला तो एका तिवराच्या झाडाला धरून होता. लोकांना दिसत होता, पण त्या ओढीत कुणाला जाता येत नव्हतं. संध्याकाळच्या भरतीपर्यंत तो झाडाला होता.

मी खरं सांगितलं असतं तर तू परत गेला असतास. ह्याबद्दल मला शंका नाही. तू हार गळ्यात तसाच ठेवून गेला असतास.

तुझं उत्तर आठ दिवसांत आलं. एक पान. मला वाटलं होतं भांडशील. तू लिहिलंस, 'आक्का, तुझं बरोबर आहे. मी विचारलं नव्हतं. वैशाखात रजा घेतो. आपण दोघं त्याच्या गावी जाऊ, मी सगळ्यांसमोर सांगेन.' आणि खाली, शाई बदलून, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलं होतंस, 'तू तेव्हा आभार मानतोय म्हणालीस, ते मनाला लावून घेऊ नकोस. त्या गोंधळात तुलाही नीट ऐकू आलं नसेल.'

त्या ओळीला मी उत्तर दिलं नाही. तुला खरं लिहायला मला सहा आठवडे होते. कागद होता, शाई होती.

साळवी गेल्या पंधरवड्यात तुझी ट्रंक घेऊन आले. डावा हात प्लास्टरमध्ये. ओसरीवर त्याच जागी बसले. त्यांनी सांगितलं ते तुझ्यासमोर पुन्हा मांडते, कारण त्याचा शेवट तुला ठाऊक नाही.

डोंगर कोसळला होता आणि एका उतारावरच्या घरापाशी तीन माणसं दिसली. एक बाई, दोन म्हातारे. "त्या उंचीवर हवा विरळ असते, आक्का," साळवी म्हणाले. "इंजिनाला धाप लागते. तिथं थांबायचं नसतं. चाक टेकवायचं, माणसं आत ओढायची, निघायचं. वसंता हे माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं करायचा. पण होळीनंतर त्याचं काहीतरी बदललं होतं. मला म्हणाला, साळवी, दारातून वाक आणि विचार त्यांना, यायचंय का. मी म्हटलं, वेडा झालास का, उतर खाली. तर म्हणाला, आधी विचार."

"मग?"

"विचारलं. हातवारे करून. बाई नको म्हणाली. गोठ्याकडे बोट दाखवलं, त्यांची जनावरं होती आत. मी वसंताला सांगितलं, नको म्हणते. तर हा हसला. म्हणाला, बघ, विचारलं म्हणून कळलं. आणि तेवढ्यात डोंगराआडून वारा फिरला."

त्यांनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "ती तिघं दुसऱ्या दिवशी जनावरं घेऊन चालत खाली आली. त्यांना काही झालं नव्हतं. आक्का, तुम्हाला काही माहीत आहे का? कुणी काही बोललं होतं का त्याला?"

मी म्हणाले, "नाही."

तिसऱ्यांदा खोटं, वसू. हे मी मोजलं आहे.

साळवी गेल्यावर मी गिरणीत गेले. त्या गिरणीत मी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. जोमा कोंड्याच्या ढिगाशी बसून भाकरी खात होता. तू गेल्याचं त्याला शोकसभेच्या दवंडीतून कळलं होतं. मला बघून उठला नाही. तोंडातला घास संपवून त्यानं विचारलं, "त्याला उचलाया कोन नाय गेला?"

"दुसऱ्या दिवशी गेले," मी म्हणाले.

त्यानं भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला. "आता माझा सांगनारा कोन ऱ्हायला नाय," तो म्हणाला. त्यात तुझ्याविषयी राग नव्हता. ती त्याच्या कामाची गोष्ट होती.

मी म्हणाले, "मी आहे. तू पटांगणावर काय म्हणालास ते मी ऐकलंय. रविवारी चल."

गव्हाणपर्यंत आम्ही गाडीनं गेलो, पुढे चालत. तो दहा पावलं पुढे, मी मागे. त्याच्या घराच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. मी उभी राहून सांगितलं, वर्गात सांगते तसं, सावकाश. जोमानं पट्टा धरला नव्हता, तो त्याला घातला गेला. ते माझ्या भावाच्या तोंडून मी स्वतः ऐकलं आहे. त्यानं लाथा मारल्या, तो चावला. पटांगणावर त्यानं पाय धरले ते मला परत न्या म्हणून. माझ्या भावाला ऐकू येत नव्हतं, त्यानं मला विचारलं, आणि मी खोटं सांगितलं.

रांगेत जोमाच्या उजव्या हाताला उभा असलेला माणूस तिथं होता. तो म्हणाला, "मना पन वाटला व्हता, का हात त्यानं सोरला नाय, माझाच सुटला." चार वर्षांनी म्हणाला. कुणी त्याला काही बोललं नाही.

म्हातारीनं मला विचारलं, "मंग बाई, तवाच का नाय सांगितलाव?"

हार आणलेला होता, हे मी तिला कसं सांगणार?  ती माझ्याकडे बघत राहिली, मला वाटतं उत्तर येईल म्हणून. मग तिनं मान वळवली आणि म्हणाली, "जोमा, आत ये. हात धू."

तो आत गेला. अंगणातली माणसं पांगली. मला कुणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. थोडा वेळ उभी राहून मी बांधावरून गव्हाणला परत आले. बांध आता पक्का आहे. आतली शेतं चौथ्या वर्षीही पांढरी आहेत.

जोमा आता आईकडे राहतो आणि सकाळी चालत गिरणीत येतो. तांदूळ दुसरा हमाल आणतो. तू माझ्या सांगण्यावरून विचारायला थांबलास हे साळवींना अजून माहीत नाही. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे.